ब्लॉगस्पॉटवाल्यांनो, वर्डप्रेसवाल्यांनो, सबस्टॅकवाल्यांनो आणि गुपचूप वाचणाऱ्यांनो

मंडळी, नमस्कार.

हे पत्र मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्या सगळ्यांना आहे, मग तो ब्लॉग ब्लॉगस्पॉटवर असो, वर्डप्रेसवर, सबस्टॅकवर, मिडियमवर किंवा पदरचे पैसे घालून घेतलेल्या डोमेनवर असो. आणि तितकंच ते वाचणाऱ्यांनाही आहे, जे रात्री झोपायच्या आधी फोनवर वाचतात, त्यांना आवडतं, आणि मग काही न बोलता निघून जातात. मी दोन्हीकडची आहे, थोडं लिहिते आणि भरपूर वाचते, म्हणून दोघांशी एकदमच बोलते.

'मराठी ब्लॉगिंग संपलं' हे हल्ली फार सहज बोललं जातं आणि मला ते अजिबात मान्य नाही. लिहिणारे लिहितायत की. कुणी सह्याद्रीतल्या आडवाटांवर लिहितंय, कुणी आपल्या तालुक्यातल्या वीरगळांचे फोटो टाकून त्यावर काय कोरलंय ते समजावून सांगतंय, कुणी बाजरीच्या गावरान वाणांवर, कुणी ऐकलेल्या मैफलींवर, कुणी जर्मनीत राहून मुलांच्या तिथल्या शाळेबद्दल. संपलंय ते वेगळंच काहीतरी. एका ब्लॉगवरून दुसऱ्या ब्लॉगवर जायची वाट मोडली आहे. वीरगळांवर लिहिणारीला पत्ताच नसतो की शेजारच्या जिल्ह्यात अजून एक जण त्याच विषयावर लिहितोय, कारण ती वर्डप्रेसवर आणि तो ब्लॉगस्पॉटवर, आणि दोघांनाही वाटत राहतं की हे वेड फक्त आपल्यालाच आहे. मग सहा महिने कुणाची कमेंट आली नाही की एक जण थांबतो, पुढच्या वर्षी दुसरी थांबते, आणि आपण म्हणतो बघा, ब्लॉग संपले.

ज्यांनी तो काळ बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते, ज्यांनी बघितलाय त्यांना हे पाठ असेल. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी सारखंच दिसावं म्हणून ठरवलेली अक्षरांची पद्धत, येऊन रुळायच्या आधी शिवाजी नाहीतर कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी समोरच्याकडे तोच फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसायचं. युनिकोड सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर नीट दिसायला लागलं, मराठी टाइप करायला बरहा आणि गमभन आलं, पुढे गूगलचं लिप्यंतर आलं, आणि २००५ नंतरच्या सात-आठ वर्षांत मराठी ब्लॉग धडाधड निघाले. मायबोली तर १९९६पासून होतीच, मनोगत, मिसळपाव अशी संकेतस्थळं पण भरात होती, तिथे लिहायला लागलेले कितीतरी जण पुढे स्वतःचा ब्लॉग काढायचे आणि ब्लॉगवाले तिकडे जाऊन लिहायचे, येजा होती. पुण्या-मुंबईइतकेच अमेरिकेत, इंग्लंडात, आखातात नोकरीला गेलेले लोक लिहीत होते. आणि या सगळ्यांना एकत्र दाखवणारी एक जागा होती, मराठी ब्लॉग विश्व. तिथे आपला ब्लॉग नोंदवायचा, तिचं चिन्ह साइडबारला, म्हणजे ब्लॉगच्या बाजूच्या पट्टीत, लावायचं, आणि नवीन पोस्ट टाकली की ती तिथल्या यादीत वर यायची. त्या यादीला हा कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवरचा ब्लॉग आहे याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं, काल सुरू केलेल्या पोराची कविता आणि रोज लिहिणाऱ्या जुन्या माणसाचा लेख एकाखाली एक. वाचक सकाळी ती यादी उघडून बसायचे.

मग त्यातून बाकीचं उगवलं. खो देणं आठवतंय? एकाने एखादा विषय घ्यायचा, म्हणजे आवडती पुस्तकं, नाहीतर एखादी कविता, नाहीतर एखादा अनुवाद, त्यावर लिहायचं आणि खाली आणखी काही जणांना नाव घेऊन खो द्यायचा, त्यांनी आपापल्या ब्लॉगवर लिहून पुढे द्यायचा. त्या खोमुळे माणूस न ओळखता ओळखीचा व्हायचा. ब्लॉगवरचं निवडक लेखन घेऊन 'रेषेवरची अक्षरे' हा ई-दिवाळी अंक निघायचा. त्या वेळच्या स्टार माझा वाहिनीने 'ब्लॉग माझा' स्पर्धा घेतली. २०१०च्या आसपास पुण्यात आणि मुंबईत ब्लॉगर्सचे मेळावे झाले, ज्यांच्या पोस्टी वर्षभर वाचल्या त्यांचे चेहरे लोकांनी तिथे पहिल्यांदा बघितले. हे कुठल्याही सरकारी खात्याने केलं नाही, कुठल्या प्रकाशनाने केलं नाही. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी आपसात केलं.

आता हे मोडलं कसं, ते नीट बघायला हवं, नाहीतर आपण नुसतं 'लोक वाचत नाहीत' म्हणत बसू आणि ते खरं नाही. १ जुलै २०१३ला गूगलने रीडर बंद केलं. ज्यांनी ते वापरलं नाही त्यांना अंदाज येणार नाही, पण कुठलाही ब्लॉग असो, त्याची फीड, म्हणजे नवीन पोस्टींची आपोआप तयार होणारी यादी, त्यात टाकली की नवीन पोस्ट आपोआप समोर यायची, म्हणजे वाचकाला कुणाचा ब्लॉग कुठे आहे ते लक्षातच ठेवायला लागायचं नाही. ते गेलं आणि त्याच सुमाराला सगळे फेसबुकवर गेले. ब्लॉगवरच्या कमेंटी फेसबुकच्या लिंकखाली पडायला लागल्या, आणि तिथलं काही दिवसांनी शोधून सापडत नाही. त्यात गूगलने मध्ये ब्लॉगरला, म्हणजे ब्लॉगस्पॉटचे ब्लॉग ज्यावर चालतात त्या आपल्याच सेवेला, गूगल प्लस या आपल्या फेसबुकसारख्या साइटवरच्या कमेंटी जोडायची सोय दिली, बऱ्याच जणांनी ती चालू केली, आणि २०१९च्या एप्रिलमध्ये गूगल प्लस बंद झालं तेव्हा त्या कमेंटी गेल्या, कायमच्या, हलवून घ्यायची काही सोयच नव्हती. पोस्टी राहिल्या, पण त्याखाली झालेल्या गप्पा गेल्या. पुढे २०२१ला गूगलने आपल्याच फीडबर्नर या फीडच्या सेवेतली ईमेलने पोस्ट पाठवायची सोय काढून टाकली, त्याबरोबर ब्लॉगरवरचं ईमेल सबस्क्रिप्शनचं गॅजेटही गेलं. म्हणजे ज्या वाचकाला फीड वगैरे कळत नव्हतं, ज्याला पोस्ट मेलमध्ये मिळायची आणि तो घरी बसून वाचायचा, तोही तुटला. माझ्या ओळखीतले कितीतरी ज्येष्ठ वाचक तिथेच तुटले. त्यांना कुणी सांगितलंच नाही की ब्लॉग चालू आहे, त्यांना वाटलं लिहिणाऱ्याने लिहायचं सोडलं.

यातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होती, हे मला तुमच्यासमोर ठेवायचंय. आपलं एकमेकांकडे जाणंयेणं आपण कंपन्यांच्या सोयींवर टाकलं आणि त्यांना त्यात काही उरलं नाही तेव्हा त्यांनी सोय उचलली. त्यांच्यावर रागावून काय करणार, त्यांचा तो धंदा आहे. पण म्हणून मला जेव्हा कुणी म्हणतं की 'परत एक मराठी ब्लॉग विश्वसारखी साइट काढा, सगळं सुरळीत होईल', तेव्हा मला ते अर्धंच पटतं. अशी साइट हवीच, जो काढेल त्याला मी हवी ती मदत करीन. पण हिंदीवाल्यांकडे बघा, त्यांच्याकडे नारद होतं, ब्लॉगवाणी होतं, चिट्ठाजगत होतं, एकेकाळी हिंदी ब्लॉगचा सगळा राबता तिथून व्हायचा, आणि ती बंद पडली तेव्हा त्यांचंही आपल्यासारखंच झालं. अशी जागा चालवणारी माणसं सहसा एक-दोनच असतात, नोकरी सांभाळून, पदरमोड करून, स्पॅम साफ करत, 'माझा ब्लॉग वर का दिसत नाही' अशा तक्रारी ऐकत. कधीतरी थकणारच ना ती. ज्यांनी ज्यांनी हे मराठीत केलं त्यांचे आपण कधी धड आभारही मानले नाहीत, ते इथे मानते. पण सगळा भार परत एका माणसाच्या डोक्यावर ठेवायचा नसेल तर प्रत्येक ब्लॉगने स्वतःच छोटी यादी व्हायला पाहिजे. मग एक बंद पडला तर बाकीचे राहतात.

आणि हे अवघड नाहीये हो. ब्लॉगरच्या लेआउटमध्ये ब्लॉग यादीचं गॅजेट आहे, अजून आहे. त्यात दुसऱ्या कुठल्याही ब्लॉगचा पत्ता टाकता येतो, तो ब्लॉगस्पॉटवरच पाहिजे असं काही नाही, आणि ज्याने नवीन लिहिलंय तो आपोआप वर येतो, त्याच्या ताज्या पोस्टचं नावसुद्धा दिसतं. वर्डप्रेस डॉट कॉमवाल्यांच्या रीडरमध्येही बाहेरचा ब्लॉग फॉलो करता येतो, फक्त पत्ता टाकायचा. सबस्टॅकवर रेकमेंडेशनची सोय आहे, पण ती सबस्टॅकवाल्यांनी सबस्टॅकवाल्यांना करायची, त्यामुळे बाहेरच्या ब्लॉगची लिंक तुम्हाला लेखातच द्यावी लागेल, तर ती द्या. सबस्टॅकची पण फीड असते बरं का, पत्त्यापुढे स्लॅश देऊन इंग्रजीत फीड लिहिलं की मिळते, वर्डप्रेसचंही तसंच. वाचकांनी फीडली किंवा इनोरीडर या फीड वाचायच्या ॲपपैकी काहीतरी घ्या, फुकटात पुरेसं काम होतं, घरातल्या मोठ्यांना तुम्ही एकदा बसून लावून द्या.

एक अडचण मात्र सांगून ठेवते. ब्लॉगरचं मोबाइलवरचं रूप बहुतेक टेम्प्लेटमध्ये साइडबार दाखवतच नाही. आज वाचणारे जवळजवळ सगळे फोनवर वाचतात. म्हणजे तुम्ही प्रेमाने लावलेली यादी कुणाला दिसतच नाही! म्हणून साइडबारवर थांबू नका. वर मेनूमध्ये 'मी वाचते ते ब्लॉग' असं एक वेगळं पान करा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे लेखाच्या आत लिंक द्या. आपण अमुक विषयावर लिहितोय आणि त्यावर दुसऱ्या कुणी मराठीत आधीच चांगलं लिहिलंय, तर ते वाक्यात सांगा, नाव घेऊन सांगा. आपल्याकडे इंग्रजी विकिपीडियाची लिंक द्यायला कुणी कचरत नाही, पण दुसऱ्या मराठी ब्लॉगरची लिंक द्यायची म्हटलं की हात आखडतो, वाचक तिकडे गेला तर परत येणार नाही असं वाटतं की काय कोण जाणे. येतो तो. ज्याच्याकडून चांगलं वाचायला मिळतं त्याच्याकडे वाचक परत येतोच.

आता कमेंटींबद्दल, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या मते सगळा जीव त्यात आहे.

समजा अलिबागकडच्या कुणी पोपटीवर लिहिलं. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, मडकं उलटं करून वरून जाळ, थंडीतली रात्र. चांगला लेख. त्याखाली दहा जणांनी 'मस्त', 'तोंडाला पाणी सुटलं' लिहिलं तर लिहिणाऱ्याला बरं वाटतं, नाही असं नाही, तेही लिहा. पण तिथे कुणी वलसाडकडे राहणाऱ्या मराठी बाईने लिहिलं की आमच्याकडे याच दिवसात उंबाडियू करतात, तेही मडक्यातच, पाला वेगळा आणि कंद जास्त, आणि मग सोलापूरकडच्या कुणी हुरड्याच्या आगटीबद्दल लिहिलं, आणि कुणी विचारलं की भांबुर्डी म्हणजे नक्की कोणती वनस्पती, आणि वनस्पतीशास्त्र शिकलेल्या एकाने येऊन सांगितलं, तर तो लेख राहिला बाजूला, तिथे जे तयार झालं ते एकट्याने कुणालाच लिहिता आलं नसतं. असं होताना मी पाहिलंय, एकदा नाही, पुष्कळदा. आणि हे फेसबुकवर झालं तर पुढच्या हिवाळ्यात सापडत नाही. ब्लॉगवर झालं तर दहा वर्षांनी कुणी गूगलवर पोपटी शोधलं की सापडतं. एवढा फरक आहे.

म्हणून लिहिणाऱ्यांना विनंती, कमेंटीचं दार उघडं ठेवा. ते 'तुम्ही रोबो नाही ना' असं तपासणारं कॅप्चा कृपा करून काढा, साठीच्या पुढच्या वाचकाची त्यात दमछाक होते आणि तो लिहिलेली कमेंट सोडून देतो. स्पॅमची भीती असेल तर मॉडरेशन, म्हणजे कमेंट आधी आपण बघून मग दाखवायची सोय, ठेवा पण मग रोज बघा, चार दिवस कमेंट अडकून पडली की त्या माणसाचा उत्साह गेला. गूगल खातं नसलेल्यालाही लिहिता आलं पाहिजे. आणि उत्तर द्या हो, प्रत्येकाला. नुसतं 'धन्यवाद' पण चालेल पण शक्यतो त्याने विचारलंय त्याचं उत्तर द्या, आणि त्याचा ब्लॉग असेल तर तिथे जाऊन बघा तो काय लिहितो ते.

वाचणाऱ्यांनो, तुम्हाला वाटतं आपण काय बोलणार, आपण काही लेखक नाही. तुम्हाला तुमच्या गावाचं, तुमच्या कामाचं, तुमच्या घरातल्या बोलीचं जे माहीत आहे ते लिहिणाऱ्याला माहीत नसतं. एसटीत वाहक म्हणून काम केलेल्या माणसाने एखाद्या घाटावरच्या लेखाखाली चार ओळी लिहिल्या तर त्याची सर कशाला येणार आहे? चूक दिसली तर चूक सांगा, नीट शब्दांत सांगा. आवडलं तर काय आवडलं ते एका ओळीत सांगा. मोबाइलवर टाइप करायला त्रास होत असेल तर बोलून टाइप होतं आता मराठीत, बऱ्यापैकी बरोबर येतं.

व्हॉट्सॲपचा विषय टाळून चालणार नाही. ब्लॉगवरचा लेख उचलायचा, नाव काढायचं, खाली 'लेखक अज्ञात' नाहीतर 'साभार' एवढंच लिहायचं आणि पुढे ढकलायचं, हे किती ब्लॉगर्सच्या बाबतीत झालंय ते तुम्हालाही माहीत आहे. स्वतः लिहिलेलं स्वतःलाच फॉरवर्ड होऊन येतं तेव्हा काय वाटतं ते ज्यांच्यावर वेळ आली त्यांना विचारा. काही जणांनी त्यामुळेच लिहायचं थांबवलं. यावर कायदा आहे पण प्रत्येक फॉरवर्डमागे कोण धावणार. वाचक मात्र हे थांबवू शकतात. मजकूर कॉपी न करता लिंक पाठवा. आणि एखादा निनावी लेख आला आणि तुम्हाला माहीत असेल की हा अमुक ब्लॉगवरचा आहे, तर त्या ग्रुपमध्ये तिथल्या तिथे सांगा, लिंक टाका, वाईटपणा आला तरी चालेल. असं सांगणारे वाचक जितके जास्त तितकी चोरी अवघड, कारण लिहिणारा एकटा नसतो, त्याचं लेखन ओळखणारी माणसं आजूबाजूला असतात.

इन्स्टाग्रामवर कॅप्शनमध्ये सुंदर मराठी लिहिणारी बरीच तरुण मुलंमुली आहेत, त्यांनाही हे पत्र आहे. तिथे कॅप्शनमध्ये लिंक चालत नाही, म्हणजे तुमच्या लेखनातून वाचक दुसरीकडे कुठे जाऊच शकत नाही, आणि दुसरीकडून तुमच्यापर्यंत येणंही कठीण. तिथलं सोडा असं मी म्हणत नाहीये, पण तेच लिहिलेलं एका साध्या ब्लॉगवर पण ठेवत जा. पैसे लागत नाहीत. आणि आम्ही जुन्यांनी तुम्हाला शोधत यायला हवं, तुमची शैली वेगळी आहे म्हणून नाकं मुरडायची नाहीत, हे मी माझ्या वयाच्या सगळ्यांना सांगते.

अजून एक, जरा जड जाणारं. आपल्यातले काही जण आता या जगात नाहीत. त्यांचे ब्लॉग आहेत, पण डोमेनचे पैसे भरणारं कुणी नसलं की एक दिवस ते उघडत नाहीत. गूगलने २०२३मध्ये जाहीर केलंय की दोन वर्षं न वापरलेली खाती ते काढून टाकू शकतात. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ला अभिजात दर्जा मिळाला, आनंदच झाला, पण गेल्या वीस वर्षांत साध्या माणसांनी मराठीत जे लिहून ठेवलं ते जपायला कुणी दुसरं येणार नाही. आपल्या ब्लॉगचा बॅकअप घ्या, सेटिंगमध्येच बटण आहे, फाइल घरातल्या कुणाकडे तरी देऊन ठेवा. गूगल खात्याला विश्वासातल्या माणसाचं नाव लावायची सोय आहे, ती वापरा. आणि ज्या बंद ब्लॉगवर तुमचा जीव आहे त्याची पानं इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साठवा, तिथे पत्ता टाकून साठवायचं बटण दाबायचं, लेखकाच्या पासवर्डची गरज लागत नाही. हे काम वाचकसुद्धा करू शकतात, किंबहुना त्यांनीच करावं.

आता प्रत्यक्ष एक गोष्ट मागते. १९०९ साली मासिक मनोरंजनने पहिला दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून दिवाळीला वाचायची आपल्याला सवय आहे, तर तिचाच उपयोग करू. या दिवाळीत प्रत्येक ब्लॉगरने वसुबारसेच्या दिवशी आपल्या ब्लॉगवर एक पोस्ट टाकायची, फक्त दुसऱ्यांच्या लेखांची. वर्षभरात वाचलेल्या तीन मराठी पोस्टी निवडायच्या, प्रत्येकीवर चार-पाच ओळी लिहायच्या की ही का वाचावी, आणि लिंक द्यायची. तिन्हीतली किमान एक आपण जिथे लिहितो त्याच्या बाहेरची हवी, म्हणजे ब्लॉगस्पॉटवाल्याने सबस्टॅकवरची किंवा वर्डप्रेसवरची द्यायची, मायबोली-मिसळपाव-ऐसी अक्षरे इथली दिली तरी चालेल. आणि किमान एक अशा कुणाची, ज्याची लिंक तुम्ही आधी कधीच दिलेली नाही. शेवटी दोघांना खो. बक्षीस नाही, परीक्षक नाहीत, क्रमांक नाहीत.

ज्यांचा ब्लॉग नाही त्या वाचकांनी आपल्या तीन लिंका आणि त्यावरच्या ओळी आपल्या आवडत्या ब्लॉगरला धनत्रयोदशीपर्यंत पाठवायच्या आणि त्याने त्या वाचकाच्या नावासकट छापायच्या. नाव छापू नका म्हणालात तर नाही छापणार. माझ्याकडे आल्या तर मी सगळ्या छापीन, कितीही आल्या तरी.

तुमचीच,
एक वाचणारी आणि लिहिणारी